वाचकांचे प्रश्न : डब्लिन काउंटी गेली कुठे?

प्रश्न : मुलगी आयर्लंडमध्ये ब्लँचर्ड्सटाउनला राहते. पत्ता 'डब्लिन १५'. रस्त्यावरचा दिवा बंद पडला तर तक्रार डब्लिन सिटी कौन्सिलकडेच करायची ना? काउंटी डब्लिन आता नाही, असंही ऐकलं.

उत्तर : सिटी कौन्सिलकडे नाही, फिंगल काउंटी कौन्सिलकडे. १ जानेवारी १९९४ला डब्लिन काउंटी कौन्सिल बरखास्त झाली आणि शहराबाहेरच्या भागाच्या तीन काउंट्या झाल्या : उत्तरेला फिंगल (मुख्यालय सोर्ड्स), नैऋत्येला साउथ डब्लिन (टाला), आग्नेयेला समुद्रकाठची डन लेअरी-रॅथडाउन. शहराची कौन्सिल वेगळी होतीच. म्हणजे कारभार चौघांचा; 'काउंटी डब्लिन' उरली ती पत्त्यात, गाड्यांच्या नंबरातल्या 'डी'त आणि खेळाच्या संघात.

घोळ होतो तो 'डब्लिन'पुढच्या आकड्यामुळे. तो टपालाचा विभाग आहे, कौन्सिलच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही. 'डब्लिन १६'मधलं बॅलिन्टीअर डन लेअरीकडे, नॉकलायन मात्र साउथ डब्लिनकडे. नावही फसवतं : बोलताना लोक 'साउथ डब्लिन' म्हणतात ते बहुधा किनाऱ्याकडच्या वस्तीला, पण त्या नावाची काउंटी आहे टाला, क्लॉन्डॉल्किन, लुकनची. म्हणून विभागाच्या आकड्यावर न जाता आधी घर कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत येतं ते पाहावं. बांधकामाची परवानगी, रस्ते, वाचनालयं ज्याची त्याची कौन्सिल पाहते. अग्निशमन दल मात्र चारही भागांना एकच, सिटी कौन्सिल चालवते. पाणी कोणाच्याच हातात नाही. ते राष्ट्रीय कंपनी 'इश्का एरन'कडे आहे.

प्रश्न : तिचा पासपोर्ट भारतीय आहे. मत देता येईल?

उत्तर : कौन्सिलच्या निवडणुकीत नक्की येईल, आणि तिने द्यावंच. वय १८ पूर्ण आणि वास्तव्य तिथलं, एवढं पुरतं. राष्ट्रीयत्व आड येत नाही. संसदेसाठी मात्र नाही. नोंदणी ऑनलाइन होते. पीपीएस क्रमांक (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक ओळख क्रमांक), जन्मतारीख आणि एअरकोड (तिथला पिनकोड) लागतो. घर बदललं की पत्ताही बदलून घ्यावा, नाहीतर नाव जुन्याच प्रभागात राहतं. मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडच्या कुटुंबातले लिओ वराडकर पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी याच फिंगल कौन्सिलवर निवडून आले होते. मागची निवडणूक जून २०२४मध्ये झाली, पुढची पाच वर्षांनी. मतपत्रिकेवर पसंतीक्रमाने १, २, ३ लिहायचं असतं. दोन नावांपुढे '१' पडला की मत बाद होतं.