डॅलसला नवीन आलोय, जानेवारीत तलावावर बास आणि पॅनफिश (तव्यात मावणारे लहान मासे) गळाला लागतात का?

लागतात की. पण हिवाळ्यात मासा तुमच्याकडे येत नाही, तुम्हालाच त्याच्या तोंडाशी आमिष नेऊन धरावं लागतं.

मी देवगडचा, लहानपणापासून गरवायला जाणारा, त्यामुळे इथल्या पहिल्या जानेवारीत वाटलं आपल्याला कोण काय शिकवणार, आणि उजाडायच्या आत कुडकुडत डॅलसच्या पूर्वेच्या लेक फोर्क तलावाला गेलो, दुपारपर्यंत काठावरून भराभर गळ फेकतोय आणि ओढतोय, एकही नाही. पाणी गार की माशाचं अंगही गार, खाल्लेलं पचायलाच वेळ लागतो, मग तो पाठलाग कशाला करेल? आता मी जेवूनच निघतो, दुपारी ऊन जरा मुरलं की मग.

आधी क्रॅपीच्या, म्हणजे पॅनफिशमधल्याच एका माशाच्या, मागे लागा, बास लागला तर बोनस. फोर्क १९८० च्या सुमारास बांधलेला तलाव, झाडं तशीच बुडालेली आहेत, त्या खोडांना धरून आणि पुलाच्या खांबांजवळ खोलात क्रॅपी थव्याने उभे असतात. बोट हवी, नाहीतर गाईड घ्या. बारीक दोरी, लहानसा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ) किंवा जिवंत मिनो (आमिषाचा बारीक मासा), सरळ खाली सोडायचा आणि हलवायचासुद्धा नाही, आपला हात थंडीने हलतो तेवढं पुरतं. ओढ अशी लागत नाही, दोरी नुसती जड होते.

टेक्ससचा रेकॉर्ड बास, १८.१८ पौंडांचा, याच तलावात २४ जानेवारी १९९२ ला लागला, आणि पकडणारा बॅरी सेंट क्लेअर तेव्हा मिनो लावून क्रॅपीच धरत होता!

एक गोष्ट मात्र मी लाजून शिकलो. लहान क्रॅपी दिसला म्हणून पुण्य केल्यासारखा परत सोडला तर तो पोट वर करून तरंगायला लागला, शेजारच्या बोटीतला म्हातारा ओरडला की अरे ठेव तो. खोलातून वर आणला की माशाची हवेची पिशवी फुगते, परत खाली जाता येत नाही, म्हणून फोर्कवर १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवायचा असा नियमच आहे, २५ झाले की थांबायचं. बासचं उलटं, १६ ते २४ इंचांमधला सोडून द्यायचा. जायच्या आधी त्या वर्षीचे नियम बघून घ्या.

लायसन्स काढायच्या आधी नुसतं करून बघायचं असेल तर लेक टावाकोनी स्टेट पार्कला जा, टेक्ससच्या स्टेट पार्कात काठावरून गरवायला लायसन्स लागत नाही, फक्त गेटचे पैसे. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली नको, त्या पाण्यात पडलात तर हातपाय लगेच आखडतात.

आणि क्रॅपीला काटे कमी, आगळ-मालवणी मसाला लावून रव्यात तळा. बायको म्हणते बोंबलाची सर नाही, पण प्लेटमध्ये उरत काही नाही.