फडातला कोयता, गल्लीतला कोयता

प्रश्न : निपाणीत माझं हिशेब लिहून द्यायचं छोटं ऑफिस आहे. राउटर बसवून गेलेला पोरगा आता फोन उचलत नाही आणि वायफायचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. साठवलेला पासवर्ड दाखवणारं निरसॉफ्टचं ‘वायरलेसकीव्ह्यू’ उतरवलं, तर अँटिव्हायरसनं ‘हॅकटूल’ म्हणत लगेच उडवलं. भाचा म्हणतो, अँटिव्हायरस बंद करून चालवा. चालवू का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : भाच्याचं ऐकू नका. पण म्हणून तुम्ही व्हायरसच घरात आणलात, असंही नाही.

निपाणी तंबाखूची खरी, पण ऊस काय कमी आहे होय? तोडीच्या दिवसांत फडात कोयता हातात असला तर कोण मान वळवून बघत नाही. तोच घेऊन रात्री अकराला बेळगावच्या गणपत गल्लीतनं फिरा की! पोलीस आधी धरतील, मग विचारतील. अँटिव्हायरस बिचारा फड आणि गल्ली ओळखत नाही, त्याला नुसता कोयता दिसतो. पासवर्ड काढणारा प्रोग्रॅम मालकानं चालवलाय की चोरानं, हे काय फाइलीवर लिहिलेलं नसतं.

आणि चोर ही साधनं वापरतात हे खरंच आहे. जून 2017 मध्ये युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या व्हायरसनं या संगणकावरून त्या संगणकावर जायला पीएसएक्सेक हे दुसऱ्या संगणकावर दुरून प्रोग्रॅम चालवायचं साधन वापरलं. ते मायक्रोसॉफ्टचंच, नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी फुकट दिलेलं. मिमिकॅट्झ हे विंडोजमधले पासवर्ड काढणारं साधन तर बेंजामिन देल्पी या फ्रेंच माणसानं विंडोज पासवर्ड किती कच्चे ठेवतं हे दाखवायला लिहिलं होतं. चोरांनी तेही उचललं. चोर सुटला तर अँटिव्हायरस कंपनीची अब्रू जाते. साव अडकला तर फार तर तुमच्यासारख्याचं एक पत्र येतं. मग ती कुणाला धरेल?

म्हणून इशाऱ्यातलं नाव वाचायचं. ‘हॅकटूल’, ‘रिस्कवेअर’ म्हणजे कोयता दिसला. ‘स्टीलर’, म्हणजे पासवर्ड चोरून नेणारा, असं लिहिलं तर रक्त दिसलं. तिथं वाद घालू नये. ‘ट्रोजन’, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या वेशातला व्हायरस, हा शिक्का मात्र कधीकधी नुसत्या अंदाजानंही ठोकतात, तेव्हा ती फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर चढवून बाकीचे अँटिव्हायरस काय म्हणतात ते बघावं.

अँटिव्हायरस बंद का करू नये, तर माझंच सांगतो. टिळकवाडीत दुकान टाकलं त्या वर्षी असली सगळी साधनं एका पेनड्राइव्हवर ठेवली होती आणि तो फोल्डर तपासणीतनं वगळला होता. कुणा गिऱ्हाइकाच्या मशीनवरनं खरा व्हायरस नेमका त्यातच येऊन बसला. महिना-दीड महिना मी तो घरोघर पोचवत होतो, आणि वर तो काढायचे पैसेही घेत होतो.

तुमचं काम त्या साधनाशिवायही होतंय. जो विंडोज संगणक अजून त्या वायफायला जोडलेला आहे, त्यावर कंट्रोल पॅनेलमधलं नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा. वायफायच्या नावावर टिचकी, मग वायरलेस प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि ‘शो कॅरेक्टर्स’वर खूण. पासवर्ड समोर येतो. तो वहीत लिहून घ्या, आणि लगेच बदलून टाका, कारण तो त्या राउटरवाल्या पोरालाही ठाऊक आहे.