देवाला सगळं ठाऊकच आहे, मग कॅथलिक लोक फादरकडे जाऊन कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, का करतात? तेही पुन्हा पुन्हा?

देवाला माहिती पुरवायला कोणी जात नाही. मनातल्या मनात आपण स्वतःला फार सहज सूट देतो. ‘मी जरा तापट आहे’ एवढ्यावर भागतं. कन्फेशनच्या जाळीपलीकडे बसलेल्या फादरला मात्र नेमकं सांगावं लागतं: जमिनीवरून भावाशी बोलणं तोडलं, आईच्या वर्षाच्या मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) त्याच्याकडे पाहिलं नाही. एकदा तोंडातून निघालं की सारवासारव करता येत नाही.

पापक्षमा मिळाली म्हणजे हिशेब मिटला असंही नाही. चोरलेलं परत करावं लागतं, कुणाची बदनामी केली असेल तर जमेल तेवढी भरून काढावी लागते. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला निघतो, ते उगाच नाही. मनात अढी धरून क्षमा मागणाऱ्याची तर पंचाईतच, कारण येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपल्याला मिळणारी क्षमा आपण इतरांना दिलेल्या क्षमेशी बांधलेली आहे.

नियम म्हणाल तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून (चर्चच्या धर्मसभेपासून) वर्षातून किमान एकदा. माझ्या मते ते फार कमी. वर्षाने जाणाऱ्याला निम्मं आठवतच नाही. दर महिन्याला जाणारा तेच तेच सांगून स्वतःच कंटाळतो, आणि खोड नेमकी कुठे रुजलीय ते त्याला तिथेच कळतं.

फादर बाहेर बोलतील ही भीती नको. कन्फेशनचं गुपित थेट फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. प्रॉटेस्टंट मंडळी बहुधा उपासनेत सगळे मिळून किंवा एकांतात थेट देवापुढे कबुली देतात.