चौदा नकोत, चार ठिकाणं पुरे

तुमची यादी दोनदा वाचली. ऑक्टोबरच्या शेवटी आठ दिवस, मुक्काम इंग्लंडात स्विंडनला भावाकडे, भाड्याची गाडी, आणि त्यात स्टोनहेंज, बायबरी, कासल कूम, कॉर्फ, लेक डिस्ट्रिक्ट, व्हिटबीची ॲबी (पडका मठ), हेड्रियनची रोमन काळातली भिंत धरून चौदा ठिकाणं. वर प्रश्न: लेन्स कुठली, ट्रायपॉड आणू का, ड्रोन चालेल का. मी तेरा वर्षं याच भागात आहे आणि सुट्टीच्या दिवशी गमबूट घालून शेतातला चिखल तुडवत फोटो काढतो. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी कात्री लावू. स्विंडनहून लेक डिस्ट्रिक्ट एका बाजूचेच चार-साडेचार तास, व्हिटबी पाच, हेड्रियनची भिंत त्याहून लांब. तिकडे निघालात तर आठातले तीन दिवस मोटरवेवर जातील. भिंतीपाशी तुम्हाला जे सिकॅमोर गॅपचं झाड हवंय, ते सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत कापून टाकलं. बुंध्याला कोंब फुटलेत, पण तुमच्या डोळ्यासमोर असलेला फोटो आता निघायचा नाही. उत्तर इंग्लंड वेगळ्या खेपेला ठेवा. स्विंडनपासून दोन-अडीच तासांच्या आत जे आहे तेच इतकं आहे की मला तेरा वर्षांत पुरून उरलंय.

मुख्य गोष्ट प्रकाशाची. पुण्यात ऑक्टोबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ६० अंशांवर असतो. इथे त्याच दिवशी तो जेमतेम २६ अंश चढतो आणि तिथूनच परत फिरतो. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठला जशी तिरपी उन्हं पडतात, तशी इथे दुपारी. दगडी भिंतीचा प्रत्येक खडबडीतपणा, नांगरलेल्या शेताची प्रत्येक सरी दिवसभर उठून दिसते. आपण सह्याद्रीत शिकलेला "दहानंतर कॅमेरा बॅगेत" हा नियम इथे विसरायचा. अडचण वेगळीच आहे: ऊन असेल याची शाश्वती नाही. सकाळी निरभ्र, अकराला झाकोळ, दोनला पाऊस, आणि साडेतीनला ढगांच्या फटीतून पाच मिनिटं असा काही उजेड पडतो की बाकीचा दिवस माफ. ती पाच मिनिटं तुम्ही ज्या जागेवर असाल तिथलीच मिळतात. एका दिवसात चार गावं करणारा माणूस ती बहुतेक वेळा गाडीत बसून बघतो. मीही पहिली दोन वर्षं तशीच बघितली.

म्हणून माझं मत: चार जागा घ्या, आणि त्यातल्या दोन ठिकाणी दोनदा जा.

पहिली एव्हबरी, प्रागैतिहासिक उभ्या दगडांचं वर्तुळ, स्विंडनपासून अर्ध्या तासावर. स्टोनहेंजला दोरीमागून बघावं लागतं, तिकीट भारी, आणि सगळ्यांचा फोटो एकाच कोनातून येतो. एव्हबरीचं वर्तुळ आकारानं कितीतरी मोठं आहे, इतकं की गावाचा एक भाग आणि चक्क एक पब त्याच्या पोटात आहे. दगडांना हात लावा, टेकून बसा, कोणी हटकत नाही. मेंढ्याही तेच करतात. १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर या मुरंब्याच्या, म्हणजे मार्मालेडच्या, धंद्यातल्या श्रीमंत वारसानं इथे खोदकाम करून पडलेले, पुरलेले दगड पुन्हा उभे केले. १९३८ मध्ये एका दगडाखाली माणसाचा सांगाडा सापडला. जवळ कात्री आणि १४ व्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. तेव्हापासून त्या दगडाला न्हाव्याचा दगड म्हणतात. तो शोधा. मला ती गोष्ट कळल्यावर त्या दगडाचे माझे फोटो बदलले: आधी मी सगळं वर्तुळ एका चौकटीत कोंबायचो, आता त्या एका दगडाच्या पायाशी बसतो आणि २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सवर तो अंगावर येऊ देतो. पूर्ण वर्तुळ जमिनीवरून मावत नाहीच, नाद सोडा. शेजारी सिल्बरी हिल आहे, माणसांनी रचलेला प्रागैतिहासिक डोंगर. त्यावर चढायला बंदी आहे, पण वेस्ट केनेटच्या पुरातन दफनस्थळाकडे जाणाऱ्या पायवाटेवरून तो छान दिसतो.

दुसरी अफिंग्टनचा पांढरा घोडा. सुमारे ११० मीटर लांबीचा, टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू ठासून काढलेला, सुमारे ३००० वर्षं जुना. जवळ गेलात की फक्त पांढरे पट्टे दिसतात आणि लोक हिरमुसून परत फिरतात. घोडा दरीपलीकडून, उत्तरेच्या गावांच्या रस्त्यांवरून, २०० मिलिमीटरच्या लेन्सनं घ्यायचा. टेकडीवर मात्र घोड्याकडे पाठ करून खाली बघा. तिथे उतारावर ओळीनं वळ्या पडलेली एक दरी आहे, तिला मॅन्जर म्हणतात, म्हणजे घोड्याची गव्हाण. दिवस मावळायच्या आधीच्या तासाभरात त्या वळ्यांवर सावल्या चढतात तेव्हा काढा. वर वारा भयंकर. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका आणि खाली बॅग लटकवा.

तिसरी लेकॉक. इथे फोटोग्राफरनं नुसतं कॅमेरा घेऊन जाऊ नये, थोडं नमस्काराला म्हणून जावं. १२३२ मध्ये स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) मठ, पुढे टॅलबट घराण्याचं घर. ऑगस्ट १८३५ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबटनं याच घरातल्या जाळीदार खिडकीचं चित्र कागदावर उतरवलं. आज शिल्लक असलेली ही सर्वात जुनी निगेटिव्ह. आकार टपाल तिकिटाएवढा. भिंगातून पाहिल्यास खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता येतात, असं त्यानं शेजारी लिहून ठेवलंय. त्याच्या लहान लाकडी कॅमेऱ्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची, कारण ते घरभर ठेवलेले असत. ती खिडकी अजून तिथेच आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा गळ्यात घालून तिच्यासमोर उभा होतो आणि पाच मिनिटं काही काढवेना. मग एकच काढला, काळा-पांढरा. घरात फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढवा. बाहेरच्या गावात विजेच्या तारा, अँटेना डोळ्यांत येत नाहीत, कारण जवळजवळ सगळं गाव १९४४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

चौथी कॉर्फ, आणि इथेच मी सर्वात जास्त वेळा तोंडावर पडलोय. डॉर्सेटमधला किल्ला. १६४६ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात पार्लमेंटच्या सैन्यानं घेतला आणि पुन्हा कोणी वापरू नये म्हणून सुरुंग लावून फोडला. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि तटबंद्या पाडल्या, त्याचाच हा घरचा आधीचा प्रयोग म्हणा. तट एका बाजूला कलंडलेत आणि तसेच थिजलेत. सगळ्यांनी पाहिलेला फोटो म्हणजे खाली धुकं, वर किल्ला तरंगतोय. तो पश्चिमेच्या टेकडीवरून, उगवत्या सूर्याकडे तोंड करून निघतो. पहिल्या खेपेला स्विंडनहून पहाटे साडेतीनला निघालो, धुकं इतकं की किल्लाच नाही, माझेच बूट दिसेनात. दुसऱ्या खेपेला आकाश लख्ख, धुकं शून्य. तिसऱ्यांदा हवामान नीट बघून गेलो: आदल्या दिवशी पाऊस, रात्री आभाळ मोकळं, वारा नाही. टेकडीवर अंधारात आधीच सहा-सात लाल हेडलॅम्प होते, कोणी बोलत नव्हतं. सव्वासातला धुक्याची कड केशरी झाली आणि तुटक्या बुरुजाच्या खिडक्यांतून उजेडाचे पट्टे आरपार आले. मी घाईनं ट्रायपॉड हलवला, त्याचा एक पाय चिखलात रुतत गेला, आणि अर्ध्या फोटोंत क्षितिज तिरकं. उरलेल्या अर्ध्यांतला एक घरी भिंतीवर आहे. तुम्हाला दोन रात्री तिकडेच काढता आल्या तर जवळच्या स्वानेज गावात मुक्काम करा. माझ्यासारखं पहाटे गाडी हाणू नका.

या चारांशिवाय बायबरी गावातली दगडी घरांची रांग, आर्लिंग्टन रो, बघाच पण सकाळी आठच्या आत. १३८० च्या सुमाराला मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली, पुढे विणकरांची घरं झाली. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका म्हाताऱ्याची पिवळी गाडी घरासमोर उभी असायची, फोटो बिघडतो म्हणून लोक कुरकुरायचे, आणि शेवटी कोणीतरी ती फोडली. त्याच्या बाजूनं २०१७ मध्ये सुमारे शंभर पिवळ्या गाड्यांचा ताफा गावात आला. तेव्हा कोणाचं दार, पडदा, सायकल चौकटीत आली तर येऊ द्या, तिथे माणसं राहतात. कासल कूमलाही हेच. पुलावरून एक फोटो, आणि पुढे.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा याची, गंमत सांगतो, कारण आपला हात काळ्या कातळावर बसलेला असतो. राजगड-रायगडाचा बेसॉल्ट चौकटभर असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि आपण सवयीनं उणे करतो. इथे खडू, फिकट चुनखडी, धुकं. कॅमेरा सगळं राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉप द्या, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघत. आणि कॉट्सवोल्डचा, म्हणजे बायबरीच्या टापूतला, मधाळ दगड ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेरा आपोआप रंग ठरवतो तेव्हा) निस्तेज होतो. डेलाइटवर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. ढगाळ दिवशी आकाश पांढरंफटक असतं, ते सरळ कापा: दारं, भिंतीवरचं शेवाळ, बीच नावाच्या झाडांच्या रानातली तांबूस पानं, चर्चचं आतलं लाकूड. गावातली चर्च दिवसा बहुधा उघडी असतात. आत शिरून दार लावून घ्या आणि पेटीत पौंड-दोन पौंड टाका.

लेन्स दोनच. २४-७० आणि ७०-२००. अतिरुंद लेन्स घरी ठेवा. इथले डोंगर बुटके, त्यानं आणखी चपटे होतात. कुंपणांच्या रेषा, एकामागे एक उतार, मधोमध चर्चचा मनोरा, हे सगळं लांब लेन्सचं काम आहे. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) नक्की आणा, निळ्या आकाशासाठी नव्हे, ओल्या पानांवरची चमक मारायला. ट्रायपॉड आणा. थंडीतून उबदार पबमध्ये शिरताना कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा, अर्धा तास उघडू नका. मी एकदा सूपच्या वासानं तसाच आत गेलो आणि लेन्सच्या आत बाष्प धरलं, दुपार गेली.

ड्रोन आणू नका. नॅशनल ट्रस्ट आपल्या जमिनीवर उडवू देत नाही, आणि तुमच्या यादीतल्या बऱ्याच जागा त्यांच्याच आहेत. उलट पायांना इथे जी मोकळीक आहे ती आपल्याकडे कल्पनेतही नाही: खासगी शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा. पिवळा बाण म्हणजे पायी, निळा म्हणजे घोडे-सायकलींनाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी वेष्टनाचा १:२५,००० नकाशा घ्या, हिरव्या तुटक रेषा म्हणजे तुमच्या वाटा. फाटक जसं होतं तसं लावा, वासरं असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, आणि गाडी शेताच्या फाटकासमोर लावू नका. मी एकदा "दोनच मिनिटं" म्हणून लावली होती. परतलो तर मागे ट्रॅक्टर, त्यावर शेतकरी, हाताची घडी घालून. काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे पोटाची चिंता नको. पाव आणि सुक्या मासळीचा वास ओळखीचाच लागेल. थर्मास मात्र सोबत ठेवा, गावांतली चहाची दुकानं चार-साडेचारला बंद होतात.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथलं घड्याळ एक तास मागे जातं. आदल्या दिवशी सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, त्या दिवशी पावणेपाचला. फोन आपोआप बदलेल. कॅमेऱ्यातली वेळ तुम्हालाच बदलावी लागेल.