छोट्या गावातलं चार पिढ्यांचं जुनं घर विक्रीला आहे, घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की चार पिढ्या एकाच कुटुंबात असलेलं घर विकायला निघालंय, तुमचं मन त्यात गुंतलंय, पण घरचे म्हणतात नसत्या भानगडीत पडू नका. मी असंच घर घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली. घ्या, असंच मी म्हणेन. फक्त सौद्याआधी एकदा भर पावसात जाऊन बघा. उन्हात प्रत्येक जुनं घर देखणं दिसतं.

आधी भिंती बघा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच १८२४ चं, आणि लहान गावांत ते रुळायला पुढे कितीतरी दशकं गेली. म्हणून जुनी भिंत बहुधा चुन्यातली किंवा मातीतली असते. ती ओल शोषते आणि हवा लागली की सोडून देते. अशा भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते. माझ्या घरात हेच झालं होतं. रंगाचे पोपडे, खाली मिठासारखं पांढरं फुललेलं, आणि गिलावा काढल्यावर विटेचा चुरा हातात आला. सगळं सिमेंट खरवडून पुन्हा चुना लावला, पण त्याआधी भिंत वाळू दिली. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते असा ठोकताळा आहे. इथे घाई करणाऱ्या गवंड्याचं अजिबात ऐकू नका.

मग तुळया. मधोमध ठोकून बघून काही कळत नाही. तुळई भिंतीत शिरते तिथे पहिल्यांदा कुजते. मी त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरून रंग अगदी गुळगुळीत होता! तरी अख्खी तुळई बदलावी लागली नाही, सुताराने कुजलेलं टोक कापून नवं लाकूड सांधून दिलं. भेगांना मात्र लगेच घाबरू नका. टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि काही महिने बघा. जुनी, थांबलेली भेग बहुधा निरुपद्रवी असते, वाढणारी दिसली तर इंजिनिअर बोलवा.

कागदपत्रं वकिलाकडूनच तपासून घ्या. चार पिढ्या म्हणजे वारस पुष्कळ, आणि एकाची सही राहिली तरी पुढे कोर्टकचेरी. घर हेरिटेज म्हणजे वारसा वास्तूंच्या यादीत असेल तर काय बदलता येतं, तेही खरेदीआधीच विचारा.

आणि एक कराच. त्या कुटुंबातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला सोबत घेऊन घरभर फिरा. आमच्या आधीच्या मालकीणबाई काठी टेकत मागच्या खोलीत गेल्या, एका फरशीवर काठी आपटली आणि म्हणाल्या, "छपराचं पाणी इथून खालून जातं, ही कधी बुजवू नका." कुठल्याच नकाशात ती मोरी नव्हती. दर पावसाळ्याआधी मी ती फरशी उचलून साफ करतो.