पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली का?

निपाणीच्या मामांना तोंडाचा कॅन्सर आहे, रिपोर्टात पांढऱ्या पेशी 16,000 आल्यात, मग एवढ्या पेशी असून गाठ का वाढते, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, बेळगावात लॅबमध्ये काम करतो. निपाणी म्हणजे तंबाखूच्या वखारींचा भाग, त्यामुळे हा प्रश्न आमच्या काउंटरवर नवा नाही.

आधी साधी कारणं बघा. जखम चिघळली असेल, स्टेरॉइड चालू असेल, केमोनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन झालं असेल, तरी आकडा चढतो.

यातलं काहीच नसेल तर गाठीकडेही बघावं लागतं. गाठ जीएम-सीएसएफ, आयएल-6 अशी रसायनं सोडते, आणि अस्थिमज्जा अर्ध्याकच्च्या पेशी रक्तात ढकलू लागते. यातल्या काही पेशी प्रतिकारशक्तीच दाबतात. त्यांना एमडीएससी (मायलॉइड-डिराइव्हड सप्रेसर सेल्स) म्हणतात. नाव 2007 सालचं. कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींना (त्याही पांढऱ्या पेशीच) आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. एमडीएससी आर्जिनेज नावाचं एन्झाइम सोडून तेच फस्त करतात. टी-पेशी जागेवर असतात, पण वाढत नाहीत. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं.

स्लाइडवर बघून मात्र एमडीएससी ओळखू येत नाहीत. बऱ्याचशा हुबेहूब न्यूट्रोफिल या नेहमीच्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसतात. रक्त फायकॉल नावाच्या दाट द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की नेहमीचे न्यूट्रोफिल लाल पेशींबरोबर तळाला बसतात, आणि या वर, लिम्फोसाइटच्या (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींच्या) पांढुरक्या कड्यात सापडतात. मला तरी ही गंमतच वाटते. पक्की ओळख फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेझरनं तपासून पटते, पण ते काम संशोधनापुरतं. त्यासाठी लॅबा पालथ्या घालू नका.

या पेशी मुळात वाईट नाहीत. गरोदरपणात पोटातल्या बाळावर आईच्या प्रतिकारशक्तीनं हल्ला करू नये म्हणून त्या उपयोगी पडतात. टीबीत मात्र जंतूंचं फावतं.

निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, सगळ्यांना लागू पडत नाही, त्यामागचं एक कारण या पेशी. एका रक्ताच्या कॅन्सरवर जुनं असलेलं 'अ‍ॅट्रा' औषध देऊन त्यांना पक्व करून बघण्याचे प्रयोग झालेत. पण मामांसाठी आज कामाचा इलाज म्हणजे ऑपरेशन, रेडिएशन, केमो, डॉक्टर सांगतील तो. 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. इथे पेशी कमी पडल्यात असा प्रश्नच नाही.

पुढच्या वेळी जुने सीबीसी (रक्तपेशी मोजल्याचे रिपोर्ट) तारखेप्रमाणे लावून न्या. न्यूट्रोफिल किती चढले, लिम्फोसाइट किती उतरले आणि कोणतं इंजेक्शन कधी झालं, हे डॉक्टरांना एकत्र दाखवा. आणि मामांची तंबाखू अजून सुटली नसेल, तर तेही लपवू नका.