फ्लॅट आणि लेकीची पोटगी, दोन्ही एका ताजव्यात तोलू नका

पत्र : आम्ही दीड वर्ष वेगळे राहतोय. मुलगी सात वर्षांची, माझ्याजवळ असते. चिंचवडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. किंमत साधारण 90 लाख, कर्ज 38 लाख शिल्लक, हप्ता 34 हजार. माझ्या हातात 62 हजार पगार येतो. नवरा म्हणतो, 'फ्लॅट तू घे, मुलीच्या खर्चाचं मागू नकोस. आणि भेटीचं लिहून कशाला ठेवायचं, आपण काय परके आहोत?' सही करू का?

प्रिय ताई,

एवढ्यात नको.

90 मधून 38 गेले, उरले 52. त्यातले निम्मे, म्हणजे 26 लाख, तुमचे पती सोडताहेत. देणं छोटं नाही, पण 38 लाखांचं कर्ज तुमच्या एकटीच्या गळ्यात येतंय. हप्ता भरून 28 हजार उरतात आणि त्यातच सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, किराणा. शिवाय तुमच्या दोघांत काहीही ठरो, बँकेच्या लेखी कर्जदार दोघंच. म्हणून वकिलाआधी बँकेत जा. कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर करायला बँक तयार आहे का, हे लेखी मागा. नकार आला तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून उरलेलं वाटून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मुलीची शाळा तुटू नये म्हणून घर धरून ठेवावंसं वाटतं, पण शाळा त्याच भागात भाड्याने राहूनही टिकते.

पोटगीचं मात्र स्पष्ट आहे. ती मुलीचा हक्क आहे, तुम्ही तो विकू शकत नाही. तशी अट लिहिली तरी पुढे कोर्टात तिच्यासाठी खर्च मागता येतो. म्हणजे हा सौदा त्यांच्याही फायद्याचा नाही, हे त्यांना सांगा. स्वतःची पोटगी फ्लॅटच्या बदल्यात सोडायची का, हा तुमचा निर्णय. मुलीचं कलम वेगळं ठेवा. दरमहा किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, फी आणि दवाखान्याचा खर्च कोणी किती उचलायचा, सगळं आकड्यांत.

फ्लॅट घेणार असाल, तर सगळी गोम वेळेत आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोत बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये (शहरात त्यावर स्थानिक अधिभार लागू शकतो). घटस्फोटाच्या हुकुमानंतर तुम्ही नवरा-बायको राहत नाही, सवलत गेली. पैसे मोजून हिस्सा घेतला तर शुल्क खरेदीखताच्या दराने, आणि कर्ज अंगावर घेणं हाही मोबदला धरला जाऊ शकतो. त्यामुळे नोंदणीआधी मसुदा वकिलाला दाखवाच. दुसरीकडे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली संमतीने अर्ज केलात, तरी शेवटच्या हुकुमापर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. अर्ज दाखल करणं हा पहिला टप्पा, कोर्टात संमती पुन्हा सांगणं हा दुसरा, आणि या दोहोंमध्ये सहा महिने असतात. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात ते माफ होतात. तेव्हा बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या टप्प्याच्या तारखेला जितकी लागून करता येईल तितकी करा. तुमच्या बाजूच्या गोष्टीही (तक्रारी मागे घेणं वगैरे) त्याच दिवसाला बांधा.

आता भेटी. 'परके आहोत का' म्हणणारी जोडपी पहिल्याच दिवाळीत भांडतात. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असतो, पण तुमची मुलगी सातची आहे. कोर्ट तिचं हित बघेल आणि तिच्याशी बोलूही शकेल. लिहिताना 'सोयीनुसार' हा शब्द कुठेही नको. शनिवारी सकाळी 10 ला कोणी, कुठून न्यायचं, रविवारी संध्याकाळी 6 ला कुठे सोडायचं. ती आजारी असली तर भेट बुडते की पुढच्या आठवड्यात भरून निघते? गणपती सम वर्षी कोणाकडे, विषम वर्षी कोणाकडे? उन्हाळी सुट्टीचे दोन भाग कोणत्या तारखेला पाडायचे? व्हिडिओ कॉल कधी? पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट हुकली म्हणून पोटगी थांबवायची नाही, हेही लिहा. मुलीच्या पासपोर्टसाठी सहसा दोघांची संमती लागते, तेव्हा ती कोण, किती दिवसांत देईल तेही नोंदवा. नाहीतर शाळेची परदेश सहल आली की खरी ओढाताण सुरू होते.

स्त्रीधन तुमचंच आहे. लॉकर सामाईक असेल तर दोघांनी मिळून उघडा, फोटोंसह यादी करून दोघांच्या सह्या घ्या. हक्क हस्तांतर झाल्यावर सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरचं नाव आणि नॉमिनी बदला. आणि विमा, पीएफ, बँक खात्यांवरचे नॉमिनी त्याच आठवड्यात तपासा.